प्रतिसमाज, प्रमाण आणि लाँग हाऊसचें खोरें

संगणकांत माणसांचा एक लहानसा कृत्रिम समाज उभा करावयाचा, त्यांतील प्रत्येक कुटुंबाला वागणुकीचे चार नियम लावून द्यावयाचे, वर्षामागून वर्ष पुढें ढकलीत जावयाचें, आणि अखेरीस जें निष्पन्न होईल तें खऱ्या समाजाच्या इतिहासाशीं ताडून पाहावयाचें, अशी एक संशोधनपद्धति गेल्या कांहीं दशकांत पाश्चात्त्य विद्यापीठांत रूढ झाली आहे. अशा कृत्रिम व्यक्तीला किंवा कुटुंबाला तिकडे ‘एजंट’ म्हणतात. आम्ही त्यास ‘कर्ता’ म्हणूं, आणि कर्त्यांच्या समूहास ‘प्रतिसमाज’ म्हणूं. अस्सल कागद, पोथ्या, नाणीं व ताम्रपट यांवांचून एक पाऊलही पुढें न टाकणाऱ्या आमच्या वाचकांस हा सारा उद्योग पोरखेळ वाटण्याचा संभव आहे. उलटपक्षीं, संगणकाचें नांव ऐकतांच दिपून जाणारा वर्गही लहान नाहीं. दोहोंपैकीं एकाचीही बाजू न घेतां, या पद्धतीनें केलेल्या एका प्रसिद्ध प्रयोगाची चिकित्सा करावी, आणि इतिहासाच्या न्यायासनापुढें तिचें स्थान साक्षीदाराचें आहे कीं उलटतपासणी घेणाऱ्या वकिलाचें आहे हें ठरवावें, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ही पद्धति कोणत्या प्रकारचें ज्ञान देऊं शकते तें पाहूं. तिचा सर्वांत बोलका नमुना संगणकावर नव्हे, तर पटावर मांडलेल्या नाण्यांवर सिद्ध झाला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ टॉमस शेलिंग यांनीं इ. स. १९७१ मध्यें प्रसिद्ध केलेल्या निबंधांत असा प्रश्न घेतला कीं, शहरांत गोऱ्या व काळ्या लोकांच्या वस्त्या अगदीं वेगवेगळ्या पडतात त्या कशामुळें? चौकटींच्या पटावर दोन जातींचीं नाणीं मिसळून ठेवावीं. आपल्या शेजाऱ्यांपैकीं निदान एक-तृतीयांश आपल्याच जातीचे असावेत, एवढीच माफक अपेक्षा प्रत्येक नाण्याची आहे असें समजावें. ती पुरी न झाल्यास त्या नाण्यानें मोकळ्या घरांत जावें. हा खेळ थोडा वेळ चालविला कीं पट दुभंगतो आणि दोन्ही जातींचे स्वतंत्र पुंजके बनतात. कोणाच्याही मनांत संपूर्ण विभक्तपणाची इच्छा नसतां विभक्तपणा उत्पन्न होतो. समुदायाचें फळ पाहून व्यक्तीचा हेतु ओळखूं नये, हा धडा त्यांतून मिळाला, आणि तो खरोखर मोलाचा आहे. शेलिंग यांस इ. स. २००५ चें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

परंतु नाण्यांनीं एवढेंच दाखविलें कीं, सौम्य पसंतीनेंही असें होऊं *शकतें*. अमेरिकेंतील शहरांत तें तसेंच *झालें* काय, हा प्रश्न वेगळा. आणि त्याचें उत्तर नाण्यांपाशीं नसून दप्तरांत आहे. शिकागोसारख्या शहरांतील घरजमिनींच्या खतांत, हें घर अमुक वंशाच्या माणसास विकूं अथवा भाड्यानें देऊं नये, अशा अटी लिहिलेल्या सांपडतात. इ. स. १९४८ मध्यें शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांनीं करूं नये असा निर्णय दिला, तोंपर्यंत त्या न्यायालयांतून चालत होत्या. इ. स. १९३४ मध्यें स्थापन झालेल्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन या सरकारी खात्याच्या कर्जहमीच्या नियमांतही वस्तीच्या वंशाचा विचार होत असे. म्हणजे पटावर जें आपोआप घडलें तें प्रत्यक्षांत पुष्कळ अंशीं लेखी कराराच्या व सरकारी नियमाच्या जोरावर घडविलें गेलें. जी गोष्ट दोन कारणांनीं घडूं शकते, तिचें एक कारण गणितानें दाखवितां आल्यामुळें दुसरें खोटें ठरत नाहीं. ‘शक्य’ आणि ‘घडलें’ यांमधील ही दरी ध्यानांत ठेवून आतां मुख्य विषयाकडे वळूं.

अमेरिकेच्या नॅशनल ॲकॅडमी ऑफ सायन्सेस या संस्थेच्या प्रोसीडिंग्जमध्यें इ. स. २००२ मध्यें रॉबर्ट ॲक्सटेल, जोशुआ एप्स्टाइन, जेफ्री डीन, जॉर्ज गमरमन व त्यांचे सहकारी यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्याचा विषय ईशान्य ॲरिझोनांतील ब्लॅक मेसा प्रदेशांत असलेलें लाँग हाऊस नांवाचें खोरें. क्षेत्रफळ ९६ चौरस किलोमीटर. चहूंकडून नैसर्गिक सीमांनीं वेगळें पडलेलें. येथें शेंकडों वर्षें मक्याची शेती करणारे लोक राहत होते. इ. स. १३०० च्या सुमारास ते खोरें सोडून गेले. त्यांची लेखनविद्या नव्हती. मागें राहिलीं तीं घरांचीं जोतीं, खापरें आणि तुळया.

या तुळयांचें महत्त्व आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. झाडाच्या खोडांत दर वर्षीं एक वलय पडतें. पावसाच्या वर्षीं रुंद, अवर्षणाच्या वर्षीं अरुंद. खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांनीं जिवंत झाडांच्या वलयांशीं जुन्या तुळयांचीं वलयें जुळवीत मागें जाण्याची रीत बसविली, आणि इ. स. १९२९ मध्यें ॲरिझोनांतील शो लो येथें सांपडलेल्या एका जळक्या तुळईनें मधली तुटलेली सांखळी जोडली गेली. तेव्हांपासून तेथील घराच्या तुळईस, तिचें बाहेरचें वलय शाबूत असल्यास, शकमितीच्या पुष्पिकेची योग्यता आली. त्याच वलयांवरून इ. स. १२७६ ते १२९९ या काळांतील महावर्षणाचाही पत्ता लागला.

निबंधकारांनीं या वलयांवरून, तसेंच गाळाच्या थरांवरून व परागकणांवरून, खोऱ्यांतील प्रत्येक भागाची वर्षवारी उत्पादनशक्ति अंदाजिली. एकेक हेक्टरच्या चौकटी पाडून तो भूभाग संगणकांत मांडला आणि त्यावर इ. स. ८०० पासून कुटुंबें वसविलीं. प्रत्येक कुटुंब पांच माणसांचें. माणशीं वर्षास १६० किलो मका, म्हणजे कुटुंबास ८०० किलो. शिल्लक मका दोन वर्षें टिकतो. पुढील वर्षाचें पीक व साठा मिळून भागणार नाहीं असें दिसलें कीं कुटुंब दुसरें शेत शोधतें, आणि पाण्याच्या जवळ घर करतें. खोऱ्यांत कोठेंच सोय नसेल तर तें खोरें सोडतें. मुली वयांत आल्या कीं नवीं कुटुंबें फुटतात. नियम एवढेच.

याचें फळ काय झालें? आरंभीच्या प्रयत्नांत प्रतिसमाजाची वस्ती प्रत्यक्षाहून पुष्कळच अधिक निघाली. पुढें जमिनीचा कस कमी-अधिक धरून, कुटुंबाकुटुंबांत फरक ठेवून, आणि निरनिराळ्या राशींच्या किंमती बदलीत जाऊन, प्रतिसमाजाची चढउतार पुरातत्त्वीय अवशेषांवरून काढलेल्या चढउताराशीं जुळेल अशी केली. मग ती चांगली जुळली. वस्ती कोठें दाट व कोठें विरळ होती हेंही बऱ्याच अंशीं जमलें. मात्र एका ठिकाणीं जुळणी तुटली. इ. स. १३०० च्या सुमारास खरें खोरें निर्मनुष्य झालें. संगणकांतील खोऱ्यांत कांहीं कुटुंबें राहिलींच. यावरून निबंधकारांनीं असा निष्कर्ष काढला कीं, अवर्षण व भूजलाची घट यांनीं वस्ती घटली असती, पण थोडक्या लोकांस तेथें राहतां आलें असतें. सबब संपूर्ण स्थलत्यागास सामाजिक अथवा धार्मिक स्वरूपाचीं कारणें असलीं पाहिजेत.

या निबंधाची कीर्ति मुख्यतः पूर्वार्धामुळें झाली, म्हणजे वक्ररेषा जुळली म्हणून झाली. आमच्या मतें त्याची किंमत उत्तरार्धांत आहे, जेथें ती जुळली नाहीं तेथें. याचीं कारणें पुढें देतों.

पहिला आक्षेप जुळणीवरच आहे. ज्या पुरातत्त्वीय आंकड्यांशीं प्रतिसमाज ताडून पाहिला, त्याच आंकड्यांशीं जुळेपर्यंत त्याचे घटक फिरविले होते. एखाद्या संपादकानें एका पोथीवरून पाठ ठरवावा, आणि मग तो पाठ शुद्ध आहे याला पुरावा म्हणून तीच पोथी पुढें करावी, तशांतला हा प्रकार होतो. पोथीशीं पाठ जुळतो हें खरें. पण त्यानें कांहीं सिद्ध होत नाहीं. शिवाय ते आंकडेही कोणी मोजून ठेवलेली खानेसुमारी नव्हे. घरांच्या अवशेषांवरून कुटुंबांची संख्या आणि खापरांवरून काळ, असें अनुमानावर अनुमान रचून ते तयार झाले आहेत. आधार म्हणून ते उत्तम आहेत. अंतिम निकष म्हणून नव्हेत.

हा आक्षेप केवळ तात्त्विक नाहीं. मार्को यान्सेन यांनीं इ. स. २००९ मध्यें हें सबंध प्रतिमान नव्यानें रचून त्याची परीक्षा केली. त्यांना असें आढळलें कीं, प्रतिमानाच्या यशाचें श्रेय मुख्यतः दोनच राशींना आहे, आणि त्या दोन्ही खोऱ्याच्या धारणशक्तीचें, म्हणजे त्या भूमीवर किती कुटुंबें जगूं शकतील याचें, माप ठरविणाऱ्या आहेत. वस्ती म्हणजेच धारणशक्ति असें सरळ समीकरण मांडलें, तरी जुळणी जवळजवळ तितकीच साधते; कर्त्यांच्या वर्तननियमांनीं तींत अल्पशीच भर पडते. याचा अर्थ असा कीं, ज्या कुटुंबांच्या हालचाली हा प्रयोगाचा प्राण समजला गेला, त्यांच्यावांचून प्रयोगाचा मोठा भाग तसाच उभा राहतो. वलयें व गाळ यांनीं दिलेली साक्ष कुटुंबांच्या तोंडून पुन्हा वदविली, इतकेंच. नक्कल कितीही वळणदार असली तरी ती दुसरी स्वतंत्र प्रत होत नाहीं, हें हस्तलिखितांच्या अभ्यासकांनीं तरी विसरूं नये.

येथें यान्सेन यांच्या पद्धतीबद्दल दोन शब्द बोलणें अवश्य आहे. त्यांना ही परीक्षा करतां आली, कारण मूळ प्रतिमानाची मांडणी दुसऱ्यास पुन्हा रचतां येण्याजोगी होती. आपला चुकलेला किंवा कमकुवत भाग दुसऱ्यास हुडकून काढतां यावा अशा रीतीनें लिहिणें हा शास्त्रीय सद्गुण होय, आणि निबंधकारांस त्याचें श्रेय दिलेंच पाहिजे. मूळ पत्र न दाखवितां त्याचा सारांश छापणारे लेखक आपल्याकडे कमी झाले नाहींत.

आतां उत्तरार्ध. प्रतिमान जेथें फसलें तेथें तें काय सांगतें? ‘दुष्काळ पडला म्हणून लोक गेले’ हें वाक्य इतिहासग्रंथांत इतक्या सहजपणें येतें कीं त्याचा पुरेपणा कोणी तपासीत नाहीं. प्रतिमानानें तो तपासला. दुष्काळ पूर्ण जमेस धरून, कुटुंबें केवळ पोटाच्या हिशेबानें चालतात असें मानूनही, खोरें रिकामें झालें नाहीं. म्हणून ‘केवळ दुष्काळ’ हें कारण अपुरें ठरतें. हा निष्कर्षही अर्थात् धारणशक्तीच्या त्याच मापांवर अवलंबून आहे; मापें पुरेशीं खालीं ओढलीं तर खोरें रिकामें करतां येईल. परंतु तसें केल्यास आधींच्या शतकांतील वस्ती जगेनाशी होईल, आणि ती तर जगली होती याची ग्वाही जोतीं देतात. तात्पर्य, हें अनुमान जुळणीहून बळकट आहे. जुळणी अनेक वाटांनीं साधतां येते. अपुरेपणा मात्र एकदां दाखविला कीं जुन्या मतास नवा आधार शोधावा लागतो.

मग सामाजिक कारण कोणतें? प्रतिमान येथें मुकें होतें, आणि तसें होणें क्रमप्राप्तच आहे. कारण त्यांतील कुटुंबाला नातें नाहीं, देव नाहीं, भय नाहीं, आणि शब्द दिला-घेतला असेंही कांहीं नाहीं. प्रत्येक कुटुंब एकटें विचार करतें व एकटें उठून जातें. खरे लोक असे वागत नव्हते याला पुरावा शेजारच्याच त्सेगी खोऱ्यांत आहे, आणि तो याच निबंधाचे एक कर्ते जेफ्री डीन यांनीं पूर्वीं उजेडांत आणला होता. कड्याच्या कपारींत बांधलेल्या बेताताकिन या वस्तीच्या तुळयांची तपासणी त्यांनीं केली. इ. स. १२६७ मध्यें थोडीं कुटुंबें तेथें प्रथम आलीं. इ. स. १२६९ मध्यें व पुन्हा १२७२ मध्यें झाडें तोडून तुळया करून ठेविल्या. परंतु त्या वापरल्या गेल्या इ. स. १२७५ च्या सुमारास, जेव्हां मोठा समूह येऊन घरें बांधूं लागला. म्हणजे मागाहून कोण येणार, किती येणार, याची आधींच ठरावणी झालेली होती, आणि ती कित्येक वर्षें पाळली गेली. साऱ्या समूहानें मिळून बेत करावा, पुढें गेलेल्यांनीं मागून येणाऱ्यांसाठीं लांकूड तोडून ठेवावें, हें कृत्य ८०० किलोंच्या हिशेबांत बसत नाहीं. जो समाज असा एकत्र येऊं शकतो तो एकत्र जाऊंही शकतो. शेवटच्या थोड्या कुटुंबांस जमीन पुरली असती. पण ज्या गांवांत उत्सवाला, लग्नाला आणि संरक्षणाला माणसें उरलीं नाहींत, त्या गांवांत केवळ जमीन पुरते म्हणून कोण राहील? हा आमचा तर्क आहे, आणि तो तर्क म्हणूनच वाचावा. परंतु त्याला बेताताकिनच्या तुळयांचा आधार आहे, आणि प्रतिमानांतील कोणत्याही नियमाला तेवढा प्रत्यक्ष आधार नाहीं.

दुसरें एक मौनही नोंदलें पाहिजे. निबंधांत या लोकांस ‘अनासाझी’ म्हटलें आहे. हा शब्द नाव्हाहो भाषेंतला, म्हणजे मागाहून त्या प्रदेशांत आलेल्या लोकांचा असून, त्यांत परक्यांच्या किंवा शत्रूंच्या पूर्वजांचा अर्थ आहे. होपी लोक या पूर्वजांना आपले मानतात, त्यांस ‘हिसात्सिनोम’ म्हणतात, आणि त्यांचीं आजचीं गांवें त्याच ब्लॅक मेसाच्या दक्षिण टोकांवर आहेत. आपलीं कुळें कोठून कोठें फिरत आलीं याच्या कथा त्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. कर्त्यांचे नियम ठरवितांना या परंपरेस कोठेंच जागा मिळालेली नाहीं. परंपरागत कथा म्हणजे अस्सल पत्र नव्हे, हें आम्हांस मान्य आहे. राजवाड्यांनीं इ. स. १८९८ मध्यें ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचा पहिला खंड काढला तेव्हांपासून बखर व अस्सल पत्र यांतील तारतम्य मराठी वाचकांच्या अंगवळणीं पडलें आहे. पण बखर गाळून घ्यावयाची असते, फेंकून द्यावयाची नसते. लोक कां गेले, हा प्रश्न शेवटीं जाणाऱ्यांच्या मनाचा आहे, आणि त्या मनाची दूरची कां होईना, पण ओळख ज्यांना आहे त्यांस न विचारतां नियम करणें ही पद्धतीची उणीव होय.

या चिकित्सेवरून प्रतिसमाजाच्या पद्धतीस आम्ही तीन अटी घालूं इच्छितों. पहिली अट अशी कीं, प्रत्येक नियमापुढें व प्रत्येक आंकड्यापुढें त्याची जात लिहावी: हा अवशेषांतून मिळाला, हा इतर समाजांवरून उसना घेतला, हा जुळणीसाठीं बसविला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारतांत, जेथें पाठ निश्चित नाहीं तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ दिलेली आहे. सुकथनकरांनीं घालून दिलेली ही शिस्त वाचकास क्षणोक्षणीं सावध ठेवते. प्रतिमानांना अशी नागमोडी रेघ हवी आहे. प्रतिमानांचें वर्णन कोणत्या क्रमानें करावें याचा एक सर्वमान्य मसुदा परिस्थितिशास्त्रज्ञांनीं इ. स. २००६ मध्यें तयार केला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. पण वर्णन पुरें असणें आणि खात्रीची प्रत सांगितलेली असणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. दुसरी अट अशी कीं, ज्या साधनावरून नियम बसविले त्यावर त्यांची परीक्षा घेऊं नये. परीक्षेचें साधन स्वतंत्र असावें. तिसरी अट अशी कीं, कर्त्यांना अजिबात काढून टाकलें तर काय उरतें, तें लेखकानें स्वतः प्रथम दाखवावें. हें काम यान्सेन यांच्यासारख्या परीक्षकावर सोंपवूं नये.

या अटी पाळतां येतील असें क्षेत्र शोधावयास फार दूर जावयास नको. लाँग हाऊसच्या खोऱ्यांत जोतीं आहेत पण कागद नाहींत. आमच्याकडे उलट स्थिति आहे. इ. स. १६३०–३२ च्या दुष्काळानें व त्याच काळांतील स्वाऱ्यांनीं दक्षिणेंतलीं कित्येक गांवें ओस पडलीं, आणि पुढें कौल देऊन तीं पुन्हा वसविण्यांत आलीं. येथें कुटुंबाच्या वागणुकीचे नियम कल्पनेनें रचावे लागत नाहींत. ते कागदांत लिहिलेले आहेत. मिरासदार परागंदा झाला तरी त्याचा हक्क बुडत नसे, आणि दीर्घकाळानें परतूनही तो आपलें थळ मागूं शके. उपऱ्याला असा पाश नव्हता. थळझाड्यांत मूळ कुळांच्या नांवांनीं थळें नोंदलेलीं आढळतात, आणि त्यांतील कित्येकांपुढें ‘गतकूळ’ असा शेरा असतो. इस्ताव्याच्या कौलांत पहिल्या वर्षीं किती घ्यावें आणि चढत चढत पुरा धारा केव्हां बसावा, याचे आंकडे आहेत. या सामग्रीवरून एक प्रतिसमाज असा रचावा कीं, ज्यांत गेलेल्या कुटुंबाचा हक्क मागें उरतो. दुसरा असा कीं, ज्यांत तो उरत नाहीं. दोन्ही चालवून पाहावे, आणि ज्या गांवाच्या कागदांवरून नियम घेतले त्या गांवाशीं नव्हे, तर दुसऱ्याच तर्फेंतील गांवाच्या लावणीच्या आंकड्यांशीं ताडावे. दोहोंत फरक पडला नाहीं, तर मिरासीनें गांवें पुन्हा वसण्यास मदत झाली या प्रचलित समजुतीस धक्का बसेल. फरक पडला, तर तिला एक नवें बळ मिळेल.

असा प्रयोग करावयाचा तर संगणक जाणणारा एक आणि मोडी जाणणारा एक, अशीं दोन माणसें एका मेजावर बसलीं पाहिजेत, आणि नियम ठरविण्याचा अधिकार मोडी जाणणाऱ्याकडे राहिला पाहिजे. पेशवे दप्तरांतील थळझाड्यांच्या याद्या तालुकावार छापून तयार नाहींत, तोंवर पहिलें काम हें यादीचेंच आहे. ज्यांच्या संग्रहीं गांवकीचे असे कागद आहेत, त्यांनीं निदान गांव, शक आणि कागदाची जात एवढें टिपून मंडळाकडे धाडावें, अशी आमची विनंती आहे.